कूलरच्या मागची बाजू

निकालाच्या दिवशी बाईंनी मला वर्गाबाहेर थांबवलं. मुलगी तिसरीतून चौथीत गेली होती. गणितात चांगली, अक्षर नीटनेटकं, हजेरी पूर्ण. मी तेवढ्यावर खूश होऊन निघाले होते.

"घरी मोठ्यानं वाचते का हो ती?" बाईंनी विचारलं.

मी आठवून पाहिलं. मोठ्यानं वाचताना ती मला बऱ्याच दिवसांत दिसली नव्हती.

"इथंही वाचत नाही," बाई म्हणाल्या. मग सगळं सांगितलं. होळीच्या सुमारास वर्गात धडा वाचताना ती एका जोडाक्षरावर अडली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा अडली. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं आणि मग वर्गच हसला. त्या दिवसापासून तिनं वर्गात वाचलं नव्हतं. बाई उभं करायच्या, ती पुस्तक उघडून उभी राहायची आणि बाई 'बस' म्हणेपर्यंत तशीच राहायची. "मनातल्या मनात वाचते, हे मला कळतं. पण चौथीत रोज एकेकाला उभं करून वाचून घेतात. सुट्टीत तिचा आवाज मोकळा झाला नाही, तर जूनमध्ये ही भीती दुप्पट झालेली असेल. सुट्टी फार लांब असते, ताई."

सुट्टी लांब असते हे मला सांगायला नको होतं. मी घरी बसून दोन-तीन दुकानांचे हिशेब लिहिते. जे काम महिनाभर पडून राहतं ते नंतर किती जड होऊन बसतं, हे मी दरवर्षी बघते. रिक्षात बसल्याबसल्या मी जूनपर्यंतचे आठवडे मोजले. मुलगी शेजारी बसून पेप्सीकोला चोखत होती आणि उस्मानपुऱ्याच्या चौकातल्या दुकानांच्या पाट्या बघत होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

दुसऱ्याच दिवशी मी पुस्तकं आणली आणि नियम केला: रोज दहा पानं, मोठ्यानं, माझ्यासमोर. तिनं पुस्तकं चाळली आणि विचारलं, "चित्राचं पान धरायचं का?"

"चित्राचं पान अर्धं."

"आणि अर्ध्या पानावर चित्र असलं तर?"

मी म्हणाले, "पाऊण." तिनं मान डोलावली आणि सगळ्यात मोठ्या चित्रांचं पुस्तक उचललं. मग ते समोर धरून बसली, वर्गात उभी राहायची तशीच. मी वाट बघितली. तिनं माझ्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं आणि हळूच पान उलटलं.

त्या वेळी माझी थोरली नणंद वैजापूरहून आली होती. आक्का दर उन्हाळ्यात कांद्याची अर्धी गोणी घेऊन येते आणि आमच्याकडे महिनाभर राहते. घरात काय चाललंय यावर तिचं बारीक लक्ष असतं. ती पलंगावरून म्हणाली, "अगं, तू पोरीला पुस्तक देती का रेशन? पाऊण पान, अर्धं पान! उद्या म्हणशील, चित्रातली म्हैस धरायची नाय, नुसतं शेपूट धरायचं."

मुलगी खुदकन हसली. मग आक्का तिला म्हणाली, "व्हय गं, वाच की! मला तरी ऐकू दे. तोंडात काय गुळणी धरली का?" त्याबरोबर मुलीचं हसू मावळलं. पुस्तक मिटलं गेलं. आक्काच्या मनात काही वाईट नव्हतं. पण तिचा आवाज असा आहे, की साधी चौकशी केली तरी समोरच्याला उलटतपासणी वाटते.

आठवडा असाच गेला. मी समजावलं, आमिष दाखवलं, एकदा रागावलेही. नवऱ्याला सांगितलं, तर कंपनीतून आलेला तो दमलेला माणूस म्हणाला, "वाचेल गं." त्याला सगळ्याच गोष्टी होतील असं वाटतं. मला मात्र काही सुचेना. दुकानाच्या बेरजा करताना मध्येच थांबून मी जूनचा विचार करायची आणि बेरीज पुन्हा पहिल्यापासून करावी लागायची.

आणि मग एका दुपारी ती मला कूलरसमोर दिसली.

आमचा कूलर पुढच्या खोलीच्या खिडकीत बसवलेला आहे. जुना, पत्र्याचा, आवाज असा की बाजूला बसलेल्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानात बोलावं लागतं. जेवणं झाली होती. आक्का घोरत होती, पण तेही ऐकू येत नव्हतं, नुसतं दिसत होतं. मुलगी कूलरच्या जाळीला जवळजवळ नाक लावून मांडी घालून बसली होती. मांडीवर पुस्तक. तिची पाठ माझ्याकडे. मान थोडी हलत होती, खांदे वर-खाली होत होते. मी दोन पावलं पुढं गेले. ती वाचत होती. ओठ हलवणं वेगळं आणि हे वेगळं. गळ्याची शीर फुगलेली दिसत होती. पण मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

मी काय केलं असेल? जे कुणीही केलं असतं तेच. हात लांब करून कूलरचं बटण एक घर मागं घेतलं. आवाज खाली आला आणि त्याच क्षणी तिचाही थांबला. तिनं वळून बघितलं. "आई, फास्टच ठेव ना."

"अगं, मला ऐकायचंय."

"फास्ट ठेव."

मी फास्ट ठेवला.

आता आमच्याकडे कूलर फास्ट ठेवणं म्हणजे काय, हे सांगायला हवं. नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, तेही वेळेवर आलं तर. मधले दिवस जमिनीतल्या हौदावर काढायचे. हौदात मी रोज सकाळी एक पट्टी उभी सोडून ती किती ओली होते ते बघते, आणि त्यावरून त्या दिवशी कपडे धुवायचे की नाही ते ठरतं. कूलर हा या घरातला सगळ्यात मोठा पिणारा. म्हणून माझा नियम होता: दुपारी बारा ते तीन, आणि तोही मधल्या वेगावर. बाकीच्या वेळी ओला पंचा आणि पंखा.

मी तो नियम मोडला. दुपारी पाचपर्यंत कूलर पूर्ण वेगानं चालू लागला. त्याची भरपाई म्हणून अंगण धुणं बंद केलं, तुळस सोडून बाकीच्या कुंड्यांना भांडी विसळलेलं पाणी दिलं आणि फरशी एक दिवसाआड पुसली. आक्काच्या हे लगेच लक्षात आलं.

"काय गं, औंदा कूलरला लई लाडात ठेवलंय? मागच्या साली मी घडीभर कूलर मागितला, तर तू हौदाकडं बघत होती."

"पोरीला उकडतंय, आक्का."

"आम्हाला काय बर्फात ठेवलंय व्हय?"

खरं कारण सांगितलं असतं, तर आक्का उठून पोरीच्या शेजारी कान लावून बसली असती. म्हणून मी गप्प राहिले.

पण गप्प राहिल्यानं माझं काही शांत झालं नाही. ती रोज वाचत होती, आणि काय वाचते, बरोबर वाचते की चूक, अडते की सुटते, यातलं काही मला कळत नव्हतं. कूलरपुढं हललेले ओठ म्हणजे वाचन धरायचं का? वर्गात तर कूलर नसतो. मी स्वयंपाकघरातून तिची पाठ बघायची, पुन्हा आत जायची, पुन्हा यायची. दूध दोनदा उतू गेलं.

एके दिवशी कूलरखाली पाण्याचं थारोळं दिसलं. कूलरच्या जाळीतलं गवत एका बाजूनं सुकलं असेल, म्हणून मी मागून बघायला बाहेर पडले. आमच्या खिडकीच्या मागं एक अरुंद बोळ आहे आणि बोळापलीकडं शेजारच्या खालांचा ओटा. खाला सत्तरीच्या आहेत. मुलगा-सून दुकानात असतात, दुपारी त्या एकट्याच. ओट्यावर त्यांची बाज असते. त्या दिवशी बाज ओट्यावर नव्हती. ती बोळात, आमच्या कूलरच्या अगदी मागं, ओल्या गवतापासून हातभर अंतरावर होती आणि खाला तिच्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या.

मी तोंड उघडायच्या आत त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "चुप. गधा नदीपे आया."

मला काही कळेना. आणि मग कूलरच्या आतून, पाण्याच्या टपटपीतून आणि पंख्याच्या घरघरीतून, माझ्या मुलीचा आवाज आला. आला म्हणजे जोरात आला. कूलरच्या आवाजात स्वतःला ऐकू यावं म्हणून ती जीव खाऊन ओरडत होती, आणि त्या कूलरनं तो सगळा आवाज मागच्या बाजूला आणून टाकला होता. तिला वाटत होतं, कूलर आपल्याला लपवतो.

"...नावाडी म्हणाला, चल रे बाबा, आता तरी चल. गाढवानं नावेकडं बघितलं. मग न-नदीकडं बघितलं. आणि ते खाली बसलं."

खालांनी कपाळावर हात मारला. "फिर बैठ गया!"

गोष्ट मला माहीत होती, पुस्तक मीच आणलं होतं. एका नावाड्यानं बाजारात गाढव घेतलेलं असतं आणि ते काही केल्या नावेत चढत नाही. प्रत्येक प्रकरणात कुणीतरी नवा येतो आणि त्याला समजावून बघतो. मला गोष्टीशी देणंघेणं नव्हतं. मी चुका मोजत होते. 'प्रवाह' चुकला, मग सुधारला. 'आश्चर्य' दोन तुकड्यांत आलं. पण ती थांबत नव्हती. अडली की पुन्हा मागून धाव घेऊन शब्दावरून उडी मारत होती.

"कधीपासून ऐकताय, खाला?" मी कुजबुजले.

"पहिले दिन से. मैं तो ठंडी हवा को आके बैठी थी. आवाज आया, बोले कोण हैगा अंदर?"

मी त्यांचा हात धरला. "तिला कळू देऊ नका. कळलं तर बंद करेल." शाळेतला प्रकार थोडक्यात सांगितला. खालांनी ऐकून घेतलं, दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला. "नक्को बाबा. मैं काय को बोलती?"

मी घरात आले, तेव्हा हलकं वाटायला हवं होतं. झालं उलटंच. आधी मला काही माहीत नव्हतं म्हणून चैन नव्हतं, आता माहीत होतं म्हणून नव्हतं. खाला खोकल्या तर? आक्का कपडे वाळत घालायला बोळात गेली तर? बाज तिथं का, म्हणून मुलीनंच विचारलं तर? दुपार झाली की आक्काला मी बाहेर जाऊच द्यायची नाही. कांदे निवडायला बसवायची. "एवढे कांदे काय लग्नाला निवडायचेत का?" ती म्हणायची.

मग पाण्याचा दिवस आला आणि पाणी आलं नाही. कुठंतरी मोठी जलवाहिनी फुटल्याचं गल्लीत कळलं. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. पट्टी हौदात सोडली की तळाला लागल्याचा टक् असा आवाज येऊ लागला. कूलरला पाणी द्यायचं, तर स्वयंपाकाचं तोडून द्यावं लागलं असतं.

मी एक युक्ती केली. कूलरचा पंप बंद केला आणि नुसता पंखा चालू ठेवला. आवाज तोच, पाणी शून्य. मुलगी पुस्तक घेऊन बसली. पण मे महिन्यातल्या दुपारी कोरड्या गवतातून येणारी हवा म्हणजे भट्टीचं दार उघडल्यासारखी. ती तशीच वाचत राहिली. तोंड लाल, केस कपाळाला चिकटलेले. दुसऱ्या दिवशी वाचता वाचता तिचा घोळणा फुटला. पुस्तकावर रक्ताचे थेंब पडले. आक्का धावली, डोक्यावर पाणी थापलं, नाकाला कांदा धरला आणि माझ्याकडं असं बघितलं, की मी कूलरची पिनच काढून टाकली.

कूलर बंद, वाचन बंद. पुस्तक खिडकीत पडून राहिलं, रक्ताचा डाग वाळून तपकिरी झाला. मुलगी दिवसभर फरशीवर लोळायची. मी एकदा म्हणाले, "मी कानात कापूस घालते, तू वाच." ती नुसती हसली. शाळा उघडायला थोडेच दिवस उरले होते.

अशाच एका दुपारी दार वाजलं. बाहेर खाला उभ्या होत्या, डोक्यावर पदर, हातात शिरखुर्म्याच्या शेवयांचा डबा. डबा मला देऊन त्या सरळ आत आल्या आणि फरशीवर लोळणाऱ्या मुलीसमोर बसल्या.

"बेटा, मैं कल फुलंब्रीको जा रही, बेटी के घर. पंधरा दिन नई आती. वो गधे का क्या हुआ, इतना बोल दे. मेरे को चैन नई."

मी डबा हातात धरून तशीच उभी राहिले. त्यांच्याकडं डोळे वटारून काही उपयोग नव्हता, बोलून झालं होतं.

मुलगी उठून बसली. "कुठलं गाढव?"

"अरे वोच. नाव में नई चढता वो."

मुलीच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही. मग तिनं हळूच कूलरकडं बघितलं, कूलरवरून खिडकीकडं, खिडकीतून पलीकडच्या ओट्याकडं. हिशेब लागला. कानापर्यंत लाल झाली.

"तुम्हाला ऐकू येत होतं?"

"हौ. सब."

"रोज?"

"रोज. बाज सरकाके बैठती थी मैं."

आक्का पलंगावर उठून बसली होती. "म्हंजे ही वाचती व्हय? मोठ्यानं? आन् मला कुणी सांगितलं नाय?" मी तिला हातानं गप्प केलं. आयुष्यात पहिल्यांदाच ती गप्प राहिली.

मुलीनं खाली मान घातली. पायाच्या अंगठ्यानं फरशीवर रेघा काढत राहिली. मग विचारलं, "मी चुकायची, तेव्हा तुम्ही हसायचात?"

"हौ, हसी ना," खाला म्हणाल्या. "वो पैलवान गधे को उठाने गया और खुदच गिरा, तब इतना हसी की पेट दुखा. और चूक बोली तो मेरे को क्या समझता? मेरे को मराठी का एक अक्षर नई आता पढने को. तू पढेगी वोच मेरे को मालूम. बोल, चढा क्या वो?"

मुलगी उठली. मला वाटलं, आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेईल. ती खिडकीकडं गेली, पुस्तक घेतलं, डाग पडलेलं पान बोटानं घासून बघितलं.

"सांगितलं तर मजा नाही," ती खालांना म्हणाली. "वाचावं लागेल. अजून दोन प्रकरणं आहेत." मग माझ्याकडं आणि आक्काकडं वळून, "तुम्ही दोघी इथंच थांबायचं. बाहेर यायचं नाही."

"आम्ही काय बिघडवलंय गं?" आक्का म्हणाली.

"आत्या, तू लई बोलतेस."

दोघी गेल्या. दार ओढून घेतलं गेलं. मी आणि आक्का एकमेकींकडं बघत राहिलो. नंतर बोळात बाजेच्या दोऱ्या कुरकुरल्या. आणि मग बंद कूलरमधून, त्या कोरड्या गवतातून, तिचा आवाज आत यायला लागला. बारीक होता. ओरडायचं कारण नव्हतं, त्यामुळं ती हळू वाचत होती, आणि हळू वाचताना अडखळणं जास्त कळत होतं. मी जाळीजवळ जाऊन बसले, तिची रोजची जागा होती तिथंच. आक्काही आली, गुडघ्यांवर हात ठेवून, कण्हत. तिनं जाळीला कान लावला.

"...मग गावातला मास्तर आला. मास्तर म्हणाला, या गाढवाला कुणी वि-विचारलं का..." थांबली. "विचारलं का, की त्याला कसली..." पुन्हा थांबली. मला शब्द माहीत होता. जिभेवर होता. आक्कानं माझा दंड धरला, एवढा घट्ट की बोटं उमटली.

"...कसली धास्ती वाटते?"

"बराबर बोला मास्टर," खालांचा आवाज आला.

तेवढ्यात गल्लीत आरोळी उठली. "नळ आला! पाणी आलं!" दारं वाजायला लागली, बादल्या आपटल्या, शेजारच्या घरांतल्या मोटारी एकामागून एक घरघरू लागल्या. माझा हौद तळाला गेलेला. सगळ्यांनी मोटारी लावल्यावर आमच्या टोकाच्या नळाला फार थोडा वेळ दाब राहतो. उशीर केला, तर धार करंगळीएवढी होते. हे गणित माझ्याइतकं या गल्लीत कुणाला पाठ नाही. आणि आमची मोटार त्या खिडकीच्या खालीच आहे. ती लावली असती, तर कुणालाच काही ऐकू आलं नसतं.

मी उठले नाही. बोळातला तिचा आवाज थांबला होता. ती वाचत नव्हती. मला वाटलं, संपलं.

"आई!" बोळातून हाक आली. "पाणी आलंय, मोटार लाव ना! कशाची वाट बघतेस?"

मी धावत जाऊन बटण दाबलं. मोटारीनं आधी हवा ओढली, खडखडली आणि मग पाणी धरून गर्जायला लागली. हौदात पहिली धार पडली. मी ओल्या भिंतीला हात टेकून उभी राहिले. खिडकीपलीकडं खालांनी काहीतरी विचारलं, ते मोटारीत बुडून गेलं.

"थांबा हं, खाला," मुलगी ओरडली, "मी मोठ्यानं वाचते. आत्या, तुला येतंय का ऐकू?"

"येतंय गं!" आक्का घरातून ओरडली. "वाच तू!"

आणि ती मोटारीच्या वर आवाज काढून वाचायला लागली. गाढव अजून अलीकडच्याच काठावर बसलं होतं. मास्तर त्याच्या शेजारी बसला होता.